सगळ्यांच्या पानावर गेलेली ओळ

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. या खोलीत आडवं पडायचं तर आधी टेबल जिन्यात काढावं लागतं.) मामीलाही नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी खोकल्याचं औषध अजून चमच्याऐवजी बाटलीनेच घेते का? मी ठणठणीत आहे. पत्राला फार उशीर झाला आणि त्याला आजारपण वगैरे काही कारण नाही, मीच टाळत होते. नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कर खुशाल, पण त्या माणसाचं नाव माझ्या कानावर येता कामा नये," आणि फोन ठेवलात. आता ऑफिस मास्तरांचं, वाद्यवृंद मास्तरांचा, मी बसते ती खुर्चीसुद्धा मास्तरांची. त्यांना वगळून लिहायचं म्हणजे हवामान तेवढं उरतं. हवामानावर दोन-तीनदा लिहून पाहिलं आणि फाडलं. तेव्हा यापुढे जिथे मास्तर येतील तिथे तुम्ही कानांवर हात ठेवा. (वाचताना त्याचा उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आहे.)

सायकलच्या दुकानातून मी बाहेर पडले, कारण मालक आणि मी दोघंही एकाच दिवशी त्या निर्णयाला आलो. मग थोडे दिवस नावेची तिकिटं फाडली. पाण्याकडे बघत बसलं की माणसं तिकिटाशिवायच चढतात असं तिथे लक्षात आलं, तेही सोडलं. इथलं काम असं की मास्तरांनी हाताने लिहिलेलं संगीत कॉम्प्युटरवर उतरवायचं. सगळ्या वाद्यांचं मिळून एक जाडजूड बाड होतं, तो स्कोअर, तो फक्त मास्तरांपुढे असतो. मग सॉफ्टवेअर त्यातून प्रत्येक वाद्याची पानं वेगळी काढून देतं, ते पार्ट. (तुम्हाला हे माहीत आहे, पण मामीही वाचते.) स्वर तुम्ही शिकवलेलेच, ते भराभर उतरले. शब्दांनी मात्र जीव खाल्ला. "हळू", "इथून वाढवा", "काठी हलकी" असले मास्तरांचे शब्द जागोजाग पेरलेले, आणि कॉम्प्युटरवर ते नेमके स्वरांच्या डोक्यावर जाऊन बसतात. स्कोअरमध्ये मी एकेक शब्द उचलून बाजूला सरकवला, तर पार्टमध्ये तो होता तिथेच. एक "सावकाश" मी पार कोपऱ्यात नेऊन ठेवला, तर सॉफ्टवेअरने तिथपासून मूळ स्वरापर्यंत तुटक रेघ ओढून दाखवली, की बाई, हा दिसतो इथे पण बांधलेला तिथे आहे. मला त्या शब्दाची दया आली. मीही भाड्याच्या खोल्या बदलत फिरते आणि तुमचा गुडघा काय म्हणतो ते विचारत बसते. असो.

तर शब्द टाकायची दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत. एकाने टाकलेला शब्द त्या-त्या वाद्याच्या ओळीला चिकटतो आणि त्याच्याच पार्टमध्ये जातो. दुसऱ्याने टाकलेला पानाच्या माथ्यावर बसतो आणि झाडून सगळ्यांच्या पार्टमध्ये जातो. मला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की दुसऱ्या बटणाने शब्द वरच्या मोकळ्या जागेत छान बसतात आणि स्वर झाकले जात नाहीत. मग काय, मास्तरांनी ज्याला जे लिहिलं होतं ते सगळं मी माथ्यावर चढवलं. त्यांनी स्वतःसाठी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलंही सोडलं नाही. काम चोख व्हावं म्हणून. मग ते पार्ट वाद्यवृंदाच्या ऑफिसातल्या यादीवर एकगठ्ठा मेल केले. यादी जुनी असावी, त्यात नावं नाहीत, नुसती वाद्यं. एका बाईंचं उत्तर आलं की त्यांच्या यजमानांनी वाजवणं सोडून आता मधमाश्या पाळल्या आहेत, पण संगीत चांगलं दिसतंय.

तालमीच्या दिवशी मी मागच्या बाकावर, शाबासकी घ्यायला तयार होऊन बसले. सुरुवात बरी झाली. मग बासरीबाईंनी हात वर केला, "मास्तर, काठी हलकी धरायची म्हणताय, पण मला काठी कधी देणार?" ढोलवाले काका म्हणाले, "मी ओठ ओले केलेत, पुढे काय करू?" व्हायोलिनवाल्यांच्या पानावर होतं, "क्लॅरिनेटकडे रागाने बघणे." ते मास्तरांनी स्वतःसाठी लिहिलेलं होतं, पण व्हायोलिनवाले शिस्तीचे, सगळ्यांनी एकदम मान वळवून बघितलं. क्लॅरिनेटवाला बिचारा लाजून वाजवायचाच थांबला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि मागच्या बाकाकडे पाहिलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागले. (त्या चपलेला पट्टा नाही.)

आणि मग तो संथ तुकडा आला. तोच, ट्रम्पेटचा. इथे तुमचं भांडण अजून सगळे सांगतात. त्या जागी तुम्हाला श्वासाला उसंत हवी होती, मास्तर थांबेनात, तुम्ही म्हणालात, "माणसासाठी थांबता येत नसेल तर भोंगा लाव," आणि निघून गेलात. जाताना तुम्ही दार आपटलंत असं ढोलवाले काका म्हणतात आणि स्टँड पाडलात असं बासरीबाई म्हणतात, एवढाच काय तो मतभेद आहे. तेव्हापासून ती जागा बासरीबाई भरून काढतात आणि स्वतःच म्हणतात की लग्नात नवऱ्याऐवजी टोपी उभी केल्यासारखं वाटतं. परवा मात्र त्या जागेपर्यंत आले आणि सगळा वाद्यवृंद थांबला. बासरीही वाजेना. मास्तरांचा हात वरच. "काय झालं?" त्यांनी विचारलं. ढोलवाले काका म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय ना मास्तर. इथे तो श्वास घेईल, त्याची वाट पाहावी. म्हणून पाहतोय."

मामा, पेन्सिलीने लिहिलेलं हेही मी सगळ्यांच्या माथ्यावर चढवलं होतं. कोण 'तो' हे कुणाला सांगावं लागलं नाही. मास्तरांनी हात खाली घेतला आणि तालीम संपल्याचं सांगितलं.

नंतर ऑफिसात मला बोलावलं. आता सामान बांधायचं असं धरूनच गेले. ते तांबडी पेन्सिल घेऊन बसले होते. बासरीची काठी खोडली, ढोलाचे ओठ खोडले, क्लॅरिनेटचा राग खोडला. त्या ओळीशी आले आणि पेन्सिल थांबली. मी म्हटलं, "ही फक्त ट्रम्पेटच्या पानावर ठेवू?" म्हणाले, "ट्रम्पेट आहे कुठे?" मग पेन्सिल खाली ठेवून, "राहू दे. सगळ्यांच्या." आणि निघता निघता सांगितलं की रविवारच्या कार्यक्रमात बासरी ती जागा वाजवणार नाही. वाजवणारं कुणी आलं नाही तर तो तुकडाच गाळायचा, आणि मग पुन्हा कधी लावायचा नाही. हे मी फक्त माहिती म्हणून कळवते आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रकृतीला जपा, मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. माहिती म्हणून वगैरे काही नाही. रविवारी या. ट्रम्पेट कपाटाच्या वर आहे, मामी त्याच्यावरची धूळ दर आठवड्याला पुसते आणि तुम्हाला ते माहीत नाही असं तिला वाटतं. येताना माझी जाड चादरही आणा.

ता. क. दुसरं. मी तुमची भाची आहे हे मास्तरांना मी सांगितलेलं नाही. पण आज मी जांभई दिली तर म्हणाले, "श्वास अगदी मामासारखा घेतेस, सगळ्यांचा वेळ खाऊन."

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली, कुणी पाहुणे आलेत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतात, गुडघ्याला शिव्या देतात, पुन्हा चढतात. बाई म्हणतात एका हातात काळी पेटी आहे आणि दुसऱ्या हातात मेलवरून छापलेला कागद, आणि ते विचारताहेत की माझ्या पानावर ही ओळ कुणी टाकली. मामा, त्या यादीत 'ट्रम्पेट पहिला' असा एक पत्ता होता. तुमची मेल मामी बघते ना? चढा सावकाश. मी थांबले आहे. चादर आणली नसेलच.