एकताच्या टॅकलबद्दलचे कलम

यिशुन, सिंगापूर. शनिवार, १२ ऑगस्ट २००६.

वर्षभर मी कोणाला पत्र लिहिले नाही, डायरीतही ओळ नाही. हृदयाचे दुखणे कळल्यापासून लिहिण्याची सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. ज्यांना उत्तरे द्यायची राहिली त्यांची माफी मागतो. आणि इतक्या दिवसांनी एकदम मृत्युपत्रच लिहायला बसलो, याबद्दलही.

मी, धम्मानंद शामराव रामटेके, वय सेहेचाळीस, मूळचा नागपूरचा, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझे मन घाबरलेले आहे, पण ठिकाणावर आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या व पत्नी अंजलीच्या संयुक्त नावावर असल्याने आपोआप तिचा होईल. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, नामनिर्देशन वेगळे केलेले आहे. म्हणजे लोक ज्याला इस्टेट म्हणतात ते या कागदावर येतच नाही. उरतात पुस्तके, व्हिडिओ टेप आणि माझी मते. पुस्तके व बाकी चीजवस्तू अंजलीला. अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील व्हावे. माझा स्वभाव शांत होता असे कोणी म्हणू नये. तो फक्त दबलेला होता.

३. आयर्लंडमधल्या फुटबॉल लीगच्या सर्व टेप आंग मो किओ भागातल्या आमच्या ऑफिसातील, मूळचा डब्लिनचा सहकारी डेक्लन यास. डब्लिनला संशोधन करत असताना रविवारी मी मैदानावर जात असे. तिथले खेळाडू आठवडाभर नोकऱ्या करत. एक बचावपटू पोस्टमन होता. त्याच्या बाजूने एकदा गेलेला विंगर दुसऱ्यांदा जात नसे. दुसरा, ब्रेस्लिन, गवंडी. डेक्लन त्याच्याबद्दल म्हणतो, ‘चेंडू घ्यायचा, माणूसही घ्यायचा, आणि पावती एकाचीच फाडायचा.’ परक्या गावात मान खाली घालून चालणाऱ्या मला ही माणसे फार आवडली. का आवडली, हे मी स्वतःला कधी नीट विचारले नाही.

४. शेजारी उल्हास चित्रे यांनी मला रविवारच्या फुटबॉल टीममधून न सांगता वगळले. तो राग अजून गेलेला नाही. त्यांना काहीही देत नाही. इथल्या कायद्याने ज्याला काही मिळणार तो साक्षीदार असून चालत नाही, म्हणून सहीसाठी त्यांनाच, पत्नी नीता यांच्यासह, बोलावले आहे. ते हसून म्हणाले, “म्हणजे राग धरलात म्हणून मी लायक ठरलो!”

५. माझी मुलगी एकता, वय पंधरा, क्लबच्या टीममध्ये बचावाला खेळते. टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणे, तिला मी त्या टेप दाखवून शिकवले. जूनमधल्या सामन्यात तिने घसरत जाऊन चेंडू काढला आणि समोरच्या हुई मिन या मुलीची नडगी मोडली. त्यानंतर एकताचे बूट माळ्यावर गेले. मी धरून चाललो की अंजलीने खेळ बंद केला. म्हणून या कलमात मी लिहिले होते: ‘माझ्या पश्चात एकताचे खेळणे कोणीही थांबवू नये.’

आज दुपारी ते अंजलीला वाचून दाखवले.

“मी कधी थांबवलं?” ती म्हणाली.

“बूट माळ्यावर कोणी टाकले?”

“तिनेच. मी फक्त चिखल पुसून दिला. तुम्ही मला विचारलंत तरी का?”

एकता दारात उभी होती. मी म्हणालो, “अगं, रेफ्रीने फाऊलसुद्धा दिला नाही. क्लीन टॅकल होता.”

“क्लीन होता म्हणून तिचा पाय जोडला का, बाबा? ती कशी आहे, तुम्ही दोघांनी विचारलं पण नाही, लाह.”

वाक्याला इथला सिंगापुरी ‘लाह’ जोडून ती आत गेली.

तेव्हापासून मी टेप आठवतो आहे. टॅकल झाला की कॅमेरा चेंडूबरोबर पुढे जातो. खाली पडलेल्या माणसाचे काय झाले, हे मला एकाही सामन्याबद्दल सांगता येणार नाही. ब्रेस्लिनच्या पायाखाली आलेल्यांपैकी एकाचेही नाव मला ठाऊक नाही. शिवाय मेलेल्या बापाशी मुलीला वाद घालता येत नाही; असल्या वादात तिला हरवायला मी निघालो होतो.

सबब वरील वाक्य रद्द. एकताने खेळावे की खेळू नये, याबद्दल माझा कोणताही आदेश नाही. तिच्यासाठी वेगळे काही ठेवता आले असते तर ठेवले असते. काय, ते मला सुचलेले नाही.

येथे मृत्युपत्र संपले. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

(सही) धम्मानंद शामराव रामटेके
साक्षीदार: (सही) उल्हास चित्रे
(सही) नीता चित्रे
यिशुन, सिंगापूर, १२ ऑगस्ट २००६

उद्या: हुई मिनच्या घरी फोन करून विचारणे, एकताला घेऊन आलो तर चालेल का.