आण्णांच्या चपला

रविवार संध्याकाळ, वाटूर

आज जालन्याहून सेकंडहँड गाडी आणली. काळी, लांबलचक, मागचं सीट दिवाणासारखं. दिवाळीत केरळपर्यंत जायचं तर असलीच पाहिजे. आण्णांना सोबत नेलं होतं. वडील म्हणून न्हाई, त्यांच्या कंबरेसाठी. सविताच म्हणाली, "आण्णांची कंबर दुखली न्हाई, तर माझ्या आईची बी दुखणार न्हाई." बायकोचं डोकं चालतं.

प्रत्येक गाडीत बसायच्या आधी आण्णा चपला काढून बाहेर ठेवायचे, देवळात शिरल्यासारखे. डीलर हसला. मीही हसलो. काळ्या गाडीत मात्र त्यांनी डोळेच मिटले. म्हणाले, "हीच घे. बिलकुल दुखून न्हाई राह्यलं."

घरी पोचलो तर आण्णा अनवाणी उतरले. चपला जालन्यातच राहिल्या. रस्त्यात आठवलं होतं म्हणे, पण घरी निघालेली नवी गाडी माघारी वळवू नये, म्हणून गप्प बसले. आता कोण जाणार परत? मी तरी न्हाई.

मंग ओट्यावर पाय पुसत विचारतात, "केरळाला निघायचं कधी?"

मी म्हणालो, "बघू." जाणार मी, सविता, दोन पोरं, सासूबाई. गाडी भरली की. हे त्यांना कधी सांगावं? निघायच्या सकाळीच बरं, तोंड पाडून बसलेले तरी बघावं लागणार न्हाई.

चपला मात्र उद्याच घेऊन देतो. आम्हाला टाटा करायला फाटकापर्यंत यायचं, तर लागतीलच.