बेगोनियाची पानं आणि आमचं सहजीवन

२ एप्रिल
आजपासून पूर्णवेळ कलाकार. ऑफिस सुटलं, आता सबबी बंद. प्रिंटमेकिंगच्या क्लासला नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, शेवटी सगळ्यांचं छोटं प्रदर्शन करू. विषय झाडं आणि आपलं आयुष्य. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आमचं सहजीवन! छपाई, कापड, कागद, सगळं एकत्र. भलंमोठं. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी डायनिंग टेबलावरची शाई पुसा.
उद्यापासून पहाटे उठून स्केच.

३ एप्रिल, सकाळचे साडेनऊ
उठलो. पहाटेचा प्रकाश तसाही फसवा असतो.

९ एप्रिल
रोलर महाग. लाटणं वापरून पाहिलं, झकास चालतं. शाई तेलाची, त्यामुळे लाटण्यावरून निघत नाही. ही लाटणं हातात घेऊन नुसती उभी राहिली. कामाचा प्रभाव पडतोय.

११ एप्रिल
ही बहिणीकडे राहायला गेली. बॅग बरीच मोठी होती. जाताना म्हणाली, टेबल टेबलासारखं झालं की कळवा, कुंड्यांना पाणी घाला आणि बेगोनियाला जपा. निर्मितीच्या काळात एकांत लागतो, हे तिला न सांगता कळलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

१४ एप्रिल
क्लास. आज नवीन प्रकार. पुठ्ठ्यावर वाळलेली पानं चिकटवायची, वरून वार्निश, मग शाई लावून प्रेसखालून काढायचं. वाळलेली पानं मला पटत नाहीत. सहजीवन ताजं असतं. मी बाल्कनीतलं कोरफडीचं जाडजूड पान नेलं होतं. प्रेसचं चाक स्वतः फिरवलं. फटकन आवाज झाला. थोडा रस प्रेसवरच्या लोकरीच्या ब्लँकेटमध्ये, बाकीचा डेंटिस्टच्या चष्म्यावर. (डेंटिस्ट आमच्याच क्लासला येतो. लिनोलियमचा ठसा बारीक कोरतो, पण भावना नाही.) बाई ब्लँकेट धूत होत्या तेव्हा त्यांना ताजेपणाचं महत्त्व समजावलं. त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

१८ एप्रिल
पानं वाळवून घ्यायचं ठरवलं. हा माझा स्वतंत्र विचार. मनी प्लांट छापला, काही दम नाही. रबराचं झाड, फार आखडू. नेचा फणीसारखा आला. तिन्ही कुंड्या जवळपास मोकळ्या झाल्या. छाटणीनं झाडं जोमानं वाढतात असं म्हणतात.

२० एप्रिल
हिचा फोन. झाडं कशी आहेत? म्हटलं, कामात आहेत. हसली नाही. टेबल? म्हटलं, आजच आवरतो.

२१ एप्रिल
टेबल राहिलं. प्रिंट वाळत होते. तेलाच्या शाईला घाई चालत नाही, त्याला मी काय करणार?

२४ एप्रिल
सापडलं! बेगोनिया!! पानाच्या मागच्या बाजूला काय शिरा आहेत! एक पान दाबून, वाळवून छापलं, अंगावर काटा आला. मग सगळीच तोडली. एकाच झाडाची पानं असली की कामाला एकजीवपणा येतो. देठ ठेवलेत. मागे हिचा निळा कॉटनचा ड्रेस कापून चिकटवायचा. बहिणीकडे जाताना नेला नाही, म्हणजे नकोच असणार.

२९ एप्रिल
काम पुरं. बाईंनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, चांगलं झालंय. मी विचारलं, चांगलं की उत्कृष्ट? म्हणाल्या, चांगलं.
हिला फोन करून प्रदर्शनाला बोलावलं. येते म्हणाली! समोर उभी राहिली की तिला सगळं उमगेल. मग दोघं एकदमच घरी येऊ. टेबल आवरायला घेतलं. वर्तमानपत्र टेबलाला चिकटलंय. ते सुरीनं काढलं.

२ मे
प्रदर्शन झालं. ही बहिणीबरोबर आली. ‘सहजीवन’समोर थांबली. मी शेजारी, प्रतिक्रियेसाठी. तिनं आधी ड्रेस ओळखला. मग पानं. म्हणाली, सगळी? म्हटलं, हो, एकजीवपणा. ती म्हणाली, एकही पान लावायला ठेवलं नाही?
मला काही कळेना. तर म्हणे बेगोनिया पानापासून लागतो. तिच्या आईचं घर विकलं तेव्हा तिथून ती एकच पान रुमालात गुंडाळून आणू शकली होती. त्याचंच हे झाड. मी म्हटलं, हे मला कधी कुणी सांगितलंच नाही. ती म्हणाली, पान लावलं तेव्हा कुंडी तुम्ही धरली होती.
आठवून पाहिलं. त्या दिवशी मॅच असावी.
तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी हिला कौतुकानं विचारलं, हे तुमच्या दोघांवर आहे ना? ही म्हणाली, माझं तर सगळंच आहे यात, यांचं काय आहे ते शोधतेय. डेंटिस्ट खोकला. मी नाव दाखवलं, खाली उजवीकडे पेन्सिलनं केलेली सही.
ती बहिणीच्या गाडीतून गेली. गर्दीत माझी वाट पाहणं जमलं नसेल.

३ मे
टेबल सकाळपासून घासलं. लखलखीत. हिला कळवलं.

४ मे
ही आली. टेबलाकडे पाहिलंच नाही, सरळ बाल्कनीत गेली. कुंड्या न्यायला आली होती. बेगोनियाचा बुंधा हलवून पाहिला. मी म्हटलं, फुटेल, मी रोज पाणी घालतो. ती म्हणाली, नको.
बाकीच्या कुंड्या तिनं आणि बहिणीनं नेल्या. बेगोनियाची मी मागून घेतली. जिना उतरताना ती म्हणाली, सरळ धरा. सरळ धरली. गाडीत ठेवून दार लावलं. कधी येशील, असं विचारायचं होतं. तेवढ्यात गाडी सुरू झाली.
घरात फार वाईट वाटतंय. आज चार मे, सकाळची वेळ, तिच्या अंगात राखाडी ड्रेस होता आणि कुंडी मी धरली होती. लिहून ठेवतोय.