अर्वेलाची पहिली तबकडी

३ सप्टेंबर १९९८
नॅशव्हिलहून रेकॉर्ड कंपनीची डार्ला आली होती. अर्वेलाताईची सुरुवातीची सगळी गाणी एकत्र काढायचीत म्हणे. यादीच सतरा पानी! ताईला जाऊन पाच महिने झाले, आता यांना जाग आली.
पहिल्याच तबकडीवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, गायिका अर्वेला. बरोबर ना?"
मी मक्याचा पाव पुढे केला. "आधी खा," म्हटलं.
यादी ठेवून गेलीय. तपासून, सही करून पाठवायची.

५ सप्टेंबर
दुकानात त्या पहिल्या तबकडीचंच गाणं लागलं होतं. गल्ल्यावरचा म्हणाला, "तुमच्या बहिणीचा गळा म्हणजे गळा होता हो." होय बाबा. बहिणीचा.
सदतीस वर्षं हा आवाज माझी पाठ सोडत नाही. पेट्रोल पंपावर, बसमध्ये, परक्यांच्या लग्नांत. एकोणीस वर्षांची मी गातेय, आणि लोक नाव घेतात तिचं. भीती वाटते कधीकधी.

६ सप्टेंबर
लिहूनच टाकते. १९६१. स्टुडिओत एकच मायक्रोफोन. गाणारी पुढे, साथ देणारी एक पाऊल मागे. आमच्या डोंगरात थोरलीच्या पुढे धाकटी उभी राहत नाही – चर्चमध्येसुद्धा. मी कायम ताईच्या वेणीकडे बघत गायले.
त्या दिवशी ताईचा घसा बसला. शब्द फुटेना. आई म्हणाली, "नेल्डा, तू हो पुढे." मी गायले. तबकडी आली ती ताईच्या नावाने. आईने दोघींना बायबलवर हात ठेवायला लावला – कुठे बोलायचं नाही. ताईने ब्रसुद्धा काढला नाही. आयत्या बिळावर नागोबा! पुढे चौदा अल्बम काढले, आणि प्रत्येकात माझ्यासारखं गायची धडपड. मला ऐकू यायची.

९ सप्टेंबर
आई गेली, ताई गेली. शपथ पाळायची कुणासाठी? 'अर्वेला' खोडलं. 'नेल्डा' लिहिलं. खाली सही केली. यादी पोस्टात टाकली.

१८ सप्टेंबर
डार्ला परत आली, त्या दिवसाची मूळ टेप घेऊन. "तुमचं खरं निघालं, मावशी. पण गाण्याआधीचं बोलणं राहिलंय यात. ऐकाच."
मी ताईसाठी पाणी आणायला बाहेर गेले होते, तेव्हाचं. ताईचा आवाज – खणखणीत, रेकॉर्डिंगवाल्याला सांगतेय. "घसाबिसा काही बसला नाही माझा. सोंग केलं नसतं तर ही मेली पुढे आली असती का? नाव नेल्डाचं लिहा, दादा."
मग आई. "गप्प बस. थोरली असताना धाकटीचं नाव? लोक काय म्हणतील? अर्वेलाच लिहा."
मग दार वाजतं. मी आत येते. "ताई, पाणी पी. बरं वाटतंय का गं?"
आणि ताई खोकते. माझ्यासाठी, खोटंखोटं.

१९ सप्टेंबर
मार्चमध्ये ताईने दवाखान्यातून तीनदा फोन केला होता. मी उचलला नाही.