नाव पोचू, काम झाडू

चंद्रपूर
११ जानेवारी १९८५

ति. बाबाले झाडूचा जोहार. मायले बी.

तं मंग बाबा, पुन्हा काऊन तेच लिवाले लावलं अन्नपूर्णाले, का घरचं धान सोडून मी परक्या गावात नाल्या खोदून राह्यलो म्हणून? दीड एकरात चौघाचं पोट कसं भरते, ते पहिले सांग. मी इथी मजेत नाई, पण उपाशी बी नाई.

यंदा एक नवीन झालं. नगरपालिकेनं ठेक्यात अट टाकली, हरेक मजुराचं दवाखान्याचं कार्ड काढा, नाई तं बिल निंघणार नाई. ठेकेदार आठ दिवस शिव्या देत फिरला, मंग मुनशीले बसवलं. मुनशीनं नाव पुसलं. मी म्हणलो झाडू. तो चिडला, म्हणे काम नाई, नाव पुसतो. मी पुन्हा म्हणलो झाडू. मागचे खीखी हासले. मंग बापाचं नाव पुसलं, अन तेच माह्यं म्हणून लिवून टाकलं. कार्डावर नाव पोचू उसेंडी, काम झाडू, वय अंदाजानं पंचेचाळीस. मी बाविसाचा! सुधरून घेतो.

तुह्या खोकल्याचं लिवजो. लोभ ठेव, संगं थोडा राग असला तरी चालते.

तुहा
झाडू


धानोरा
२८ जानेवारी १९८५

झाडूदादाले अन्नपूर्णाचा जोहार.

तुझं पत्र बाबानं तीनदा वाचून घेतलं. म्हणे, चंद्रपूर पाह्यलं नाई अन नोकरी लागून गेली, पगार कुठी जाते ते झाडूले विचार. हासता हासता खोकला आला. दादा, खोकल्यात रक्त पडते. बाबानं लिवू नको म्हणलं, तरी लिवून राह्यली. इथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढाले चंद्रपूरले न्या म्हणलं. बाबा म्हणते, तिथी आपल्याले कोण वळखते. माय म्हणते, तिथी तं त्याचं नावच लिवून हाय.

हे बरोबर का चूक, मले समजत नाई. लवकर लिव. भांडत असली तरी तुझीच बहीण,

अन्नपूर्णा


चंद्रपूर
९ फेब्रुवारी १९८५

अन्नपूर्णाले जोहार. हा कागद बाबाले वाचून दाखवू नको.

बुधवारी पायावर लोखंडी सब्बल पडली. अंगठा काळा, पाय टरारून सुजला. इतवारी नावाचा मुकादम म्हणे, कार्ड हाय तं जा ना. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. तिथी समजलं का पयल्या खेपेले डॉक्टर माणसाची उंची, अंगावरची खूण कार्डावर लिवते. लिवली का तोच माणूस पोचू, दुसरा चालत नाई. माही खूण लिवली असती तं बाबाचा फोटो राह्यलाच असता. वापस आलो.

काल मुनशी नावं सुधराले बसला होता. मी म्हणलो, नाव बरोबर हाय, पोचूच हाव मी. तो म्हणे, मंग त्या दिवशी झाडू झाडू काय लावलं होतं. बाबाची खूण लिवली का मंग मले कार्ड राहणार नाई, हे ठाऊक हाय. हळद-चुना बांधून खोदून राह्यलो. थकवा येते लय, पाठ टेकली का सकाळच होते.

बाबाले शिकवून आण. नाव खरंच सांगायचं. खोटं एकच बोलायचं, का मी नाल्या झाडतो, खोदतो म्हणून. तेवढं त्याच्या तोंडून निंघते का पाहू.

सोमवारच्या मोटारीनं या. तू बी संगं ये, त्याले एकट्याले सोडू नको. मायले जोहार. माया आटू देऊ नका.

तुहा भाऊ
झाडू

ता. क. दोघांचं भाडं अन वाटेतला चहा धरून मनिआर्डर केली हाय, छप्पन रुपये.