चौदा लाल चिंध्या

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६.४०
लाल कापडाच्या चिंध्या कापत बसलो आहे. प्रत्येकी एक वीत. रविवारी कंपनीतले आम्ही बारा जण आंदर मावळातला वाघजाईचा डोंगर चढणार. वाटेतल्या झाडांना चिंध्या बांधायच्या, म्हणजे उतरताना कोणी चुकणार नाही. कल्पना माझी. लीडर गंधार म्हणाला, बांध बाबा, पण मग सगळ्यात मागे राहा.
पिछाडी ही सर्वांत जबाबदारीची जागा.

बुधवार, ५ नोव्हेंबर
डबा खाताना अकाउंट्समधल्या प्रेरणाने विचारलं, उंचीची भीती नाही ना वाटत? कळसूबाई दोनदा केलंय, असं तोंडून गेलं. अगदीच खोटं नाही. एसटीतून दोनदा पाहिलं आहे. आता माथ्यावरचा एक फोटो मिळाला की प्रश्न मिटला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
चिंध्यांवर मार्करने १ ते १४ नंबर टाकले. संकल्प : खाली बघायचं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी ९.५०
कातळाचा टप्पा. माथा अर्ध्या तासावर. चौदावी चिंधी सैल वाटली म्हणून थांबलो. बाकीचे पुढे गेले. झाड एका हाताने धरलंय ते वाऱ्यामुळे.

१०.३०
गाठ अजून पक्की करतो आहे. ताक विकणाऱ्या रतनबाई आल्या, बरोबर वाडीतल्या चार बायका. म्हणाल्या, एवढ्या चिंध्या तुमीच बांधल्या व्हय? लय मोठा नवस दिसतोय. पोरगी मिळंना का काय? वाटेच्या खुणा म्हटलं तर इथेच का बसलात, विचारतील; कळसूबाईचं कसं सांगणार? व्हय म्हटलं. तशा बाकीच्यांना म्हणाल्या, आगं, जागा गुणाची दिसती, आपुनबी बांधत जाऊ.

दुपारी १२.१५
सगळे माथ्यावरून कातळापर्यंत उतरले. प्रेरणा म्हणाली, वरून काय भारी दिसतं! मी म्हटलं, पिछाडी सोडता येत नव्हती. आता पुढे मी. सगळ्यांना सांगितलं, लाल चिंधी दिसली की डोळे झाकून चाला.

२.४०
चिंध्या बऱ्याच लागताहेत. नंबर दिसत नाहीत. दवाने पुसले असावेत.

३.३०
शेवटची चिंधी म्हशीच्या शिंगाला. गोठा रतनबाईंचा. म्हणाल्या, म्हस गाभण ऱ्हाईना, म्हून हिलाबी बांधली. पर तुमी हिकडं कुटं?
आमची गाडी डोंगराच्या पलीकडे. इथली एसटी उद्या सकाळी. गंधारने शिंगाची चिंधी सोडली, माझ्या मनगटाला बांधली आणि म्हणाला, निदान हा तरी हरवायला नको.

सोमवार, १० नोव्हेंबर
माथ्यावरचा फोटो ग्रुपवर आला. अकरा जण आहेत.
हिशोब : कापड ७०, मार्कर २०. बारा ग्लास ताक २४०, सर्वानुमते मी दिले. गाडीपर्यंत पिकअप ८००, गंधारने दिले, माझ्याकडून येणं आहे म्हणतो. काल चौदाव्या चिंधीपुढे, कोणी नसताना, ठेवले ११. कळसूबाईचं पुन्हा कोणी विचारू नये म्हणून. शिवाय नवस फळला तर एक नारळ कबूल केला होता.
आज डबा खाताना प्रेरणाने विचारलं, कळसूबाईला शिड्या किती रे? म्हटलं, धुकं होतं. म्हणाली, दोन्ही वेळा?
नारळाचं देणं : शून्य.