शुक्रवारचा चौथा चमचा

भावजी,

गुरुवार, नऊ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही वॉर्डात फोन केलात आणि सिस्टरला म्हणालात, "दादाच्या सुयांचं ते थोतांड बंद करा." मला विचारलं नाहीत. तुम्ही डॉक्टर, मी नुसती बायको.

पक्षाघातानंतर यांना पाणीही गिळता येईना, म्हणून नाकात नळी आहे, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. गिळण्याचे व्यायाम रोज चालू होतेच, ॲक्युपंक्चरच्या सुया त्यांच्या जोडीला. पहिल्याच दिवशी मी सुयावाल्या डॉक्टरांना खडसावलं, "मानेत टोचून घशाला काय कळणार?"

ते म्हणाले, "बाई, नक्की मलाही माहीत नाही. बघू या."

डॉक्टरच्या तोंडून 'माहीत नाही' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. लगेच वही केली. व्यायाम घेणारी मुलगी यांच्या कंठावर बोटं ठेवून घोट मोजते, मी लिहिते. सुयांआधी घट्ट केलेल्या पाण्याचा एक चमचा जायचा, सहा वेळा सुया टोचल्यावर तीन.

आणि तुम्ही बंद केल्यावर, शुक्रवारी, चार! हे तुम्हाला कळवणं जिवावर येतं, म्हणून हे पत्र तीन दिवस अर्धवटच पर्समध्ये फिरतंय.

मग गुण कशाचा? सुयांचा, व्यायामाचा, की नुसते दिवस गेले त्याचा? सुया पुन्हा हव्यात का, आज यांनाच विचारलं. आजवर मीही विचारलं नव्हतं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बोलाव त्या सुयावाल्यांना. मलाही बघायचंय."

तेव्हा थोतांड कशावरून, याचं लेखी उत्तर बुधवारी पाचच्या आत पाठवा. पाचला सुया पुन्हा सुरू होतील.

तुमची,
वहिनी